त्राबाखोची तीन लाकडे

स्पेनमध्ये कामाच्या आठवड्याची कायदेशीर कमाल मर्यादा १९८३ साली ४० तासांची ठरली आणि चार दशकांनंतरही ती तेवढीच आहे. ती ३७.५ तासांवर आणू पाहणारे सरकारी विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने चर्चेच्या पहिल्याच पायरीवर फेटाळले. असा वाद पेटला की उत्पादकता, अपघात, लहान दुकानदारांना न परवडणारा खर्च, घरी मुलांजवळ कुणी थांबायचे, हे सगळे बोलले जाते. पण स्पॅनिशमध्ये, आणि शेजारच्या फ्रेंच-पोर्तुगीजमध्येही, या बोलण्याला एक ठरलेले वळण आहे. कुणीतरी सांगतो की काम या अर्थाचा ‘त्राबाखो’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘त्रिपालियुम’पासून आला, त्रिपालियुम म्हणजे माणसाला बांधून छळण्याचा तीन लाकडांचा सांगाडा, तेव्हा काम म्हणजे मुळातच छळ, आणि हे गुपित भाषेने आपल्यासाठी जपून ठेवले आहे. ऐकणाऱ्यांना हे पटते. सोमवारी सकाळी तर कुणालाही पटेल.

कामाचा आठवडा आखूड व्हावा, या मताचा मी आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्या बाजूने हा युक्तिवाद कुणी करू नये असे मला वाटते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये अशी आपल्याकडे म्हण आहे. शब्दांच्या बाबतीत मी ती मानत नाही. शब्दाचे कूळ जरूर शोधावे, त्यासारखी करमणूक नाही. मात्र सापडलेले कूळ सार्वजनिक वादात साक्षीदार म्हणून उभे करायचे असेल तर त्याची उलटतपासणी व्हायला हवी, आणि त्रिपालियुम त्या उलटतपासणीत फार वेळ टिकत नाही.

आधी पुरावा पाहू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या फ्रान्समधल्या ओसेर या गावी धर्मसभा भरली होती. तिच्या नियमांत एक नियम असा आहे की, जिथे गुन्हेगारांचा छळ केला जातो त्या ‘त्रेपालियुम’जवळ धर्मगुरूने उभे राहू नये. छळाचे साधन म्हणून या शब्दाचा जो हवाला नेहमी दिला जातो तो हाच. शब्दाची फोड सरळ आहे: ‘त्रि’ म्हणजे तीन, जो आपल्याला संस्कृतातून ओळखीचाच आहे, आणि ‘पालुस’ म्हणजे जमिनीत रोवलेला खांब. या पालुसपासून स्पॅनिशमध्ये काठीला ‘पालो’ म्हणतात, तर इंग्रजीतले पोल आणि पॅलिसेड हे त्याचेच वंशज. एवढ्या गोष्टी लिखित आहेत. पण त्रिपालियुमपासून ‘त्राबाखार’ म्हणजे काम करणे या क्रियापदाकडे यायचे तर मध्ये ‘त्रिपालियारे’ असे एक लॅटिन क्रियापद असावे लागते, आणि ते कोणत्याही हस्तलिखितात, शिलालेखात वा पत्रात सापडलेले नाही. स्पॅनिश अकादमीचा कोश ही व्युत्पत्ती देतो तेव्हा त्या क्रियापदाच्या डोक्यावर एक तारांकन लावतो. भाषाशास्त्रात त्या चिन्हाचा अर्थ असा की हे रूप प्रत्यक्ष मिळालेले नाही, नंतरच्या भाषांवरून मागे जात जात आम्ही ते बांधले आहे.

हे बांधकाम हलक्या दर्जाचे आहे, असे मी म्हणत नाही. कातालान भाषेत काम म्हणजे ‘त्रेबाल’, जुन्या स्पॅनिशमध्येही ‘त्रेबाखो’ असे रूप मिळते, आणि पहिल्या अक्षरातला तो एकार ‘त्रि’कडे बोट दाखवतो, बहुतेक कोशकारांचे मत त्यामुळे आजही त्रिपालियुमच्या बाजूने आहे. परंतु तुळई या अर्थाच्या ‘त्राब्स’ या वेगळ्याच लॅटिन शब्दाकडे बोट दाखवणारे अभ्यासकही आहेत, आणि छळाच्या कल्पनेबद्दलची शंका त्याहून गंभीर आहे. फ्रेंचमध्ये ‘त्रावाय’ या शब्दाचा एक जुना अर्थ आजही जिवंत आहे: घोड्याला किंवा बैलाला नाल ठोकताना त्याने लाथ झाडू नये म्हणून ज्यात त्याला जखडतात तो लाकडी सांगाडा. म्हणजे तीन लाकडांचे हे उपकरण मुळात लोहाराच्या अंगणातले असू शकेल आणि तिथून ते कैद्यांकडे गेले असेल. आपला ‘खोडा’ही असाच. कैद्याचे पाय ज्यात अडकवत तो लाकडी खोडा केव्हाच नाहीसा झाला, पण ‘कामात खोडा घालू नकोस’ असे आपण रोज म्हणतो आणि त्या वेळी कुणाच्याही डोळ्यांसमोर बंदिशाळा येत नाही. कोशातले तारांकन वादात कुणी उच्चारत नाही. कोशापासून व्यासपीठापर्यंत येताना ते कुठेतरी गळून पडते आणि अंदाज होता तो निकाल होऊन बसतो.

तरीही क्षणभर सगळे मान्य करू. क्रियापद होते, सांगाडा छळाचाच होता, शब्द तिथूनच निघाला. मग पुढचा प्रश्न असा की एकाच पूर्वजाच्या नातवंडांनी इतक्या वेगळ्या वाटा का धरल्या? मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये त्राबाखो म्हणजे मुख्यतः हालअपेष्टा. सेर्व्हान्तेसच्या मृत्यूनंतर १६१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अखेरच्या कादंबरीच्या नावात ‘त्राबाखोस’ आहेत, आणि ती कुणाच्या नोकरीची गोष्ट नाही; ते नायक-नायिकेच्या वाटेवरचे भोग आहेत. पुढे स्पॅनिशमध्ये भोग मागे सरले आणि काम पुढे आले. इटालियनमध्ये तसे झाले नाही. तिथे ‘त्रावाल्यो’ हा यातनेच्याच घरी राहिला, आजही तो प्रसूतीच्या कळांसाठी वापरतात, आणि कामासाठी इटालियनांनी ‘लाबोर’ या दुसऱ्याच लॅटिन शब्दाचा वंशज, ‘लावोरो’, घेतला. इंग्रजीने उलटा प्रकार केला: लाबोरपासून आलेला लेबर कारखान्यातही वापरला आणि प्रसूतिगृहातही. स्पेनमध्ये त्या लाबोरपासून जमीन नांगरणे या अर्थाचा ‘लाब्रार’ निघाला आणि शेतकऱ्याला ‘लाब्रादोर’ म्हणू लागले. (शहरी सोसायट्यांत लाडावलेला लॅब्रॅडॉर कुत्रा ज्या उत्तर अमेरिकी किनाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, त्या किनाऱ्याला शेतजमीन बाळगणाऱ्या एका पोर्तुगीज दर्यावर्दीमुळे हेच नाव मिळाले, नांगराशी त्या कुत्र्याचा एवढाच संबंध.) शब्दाचा जन्मच जर समाजाचे कामाविषयीचे मत ठरवत असता, तर स्पॅनिश माणसाला काम हा छळ वाटायला हवा आणि त्याच लॅटिन घरातल्या इटालियन माणसाला वाटायला नको. तसे कुणाच्याही अनुभवाला येत नाही.

इंग्रजीतली गंमत याहून मोठी आहे. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्लंडला गेला आणि तिथे त्याची दोन रूपे झाली. ट्रॅव्हेल म्हणजे कष्ट, यातना. आणि त्याचाच जुळा भाऊ ट्रॅव्हल म्हणजे प्रवास, कारण मध्ययुगात यात्रेला निघणे म्हणजे चिखल, चोर आणि ताप यांच्या स्वाधीन होणे होते. आज तो दुसरा भाऊ पुण्या-मुंबईच्या प्रत्येक नाक्यावर पाटीवर झळकतो: अमुक ट्रॅव्हल्स, तमुक टूर्स अँड ट्रॅव्हल्स. छळाचा सांगाडा हेच या शब्दाचे अंतरंग असते, तर या सगळ्या कंपन्या चार दिवस-तीन रात्रींचा छळ न्याहारीसकट विकत आहेत असे म्हणावे लागेल. रात्रीच्या खासगी बसने घाट उतरलेले काही वाचक याला मान डोलावतीलही, पण त्यांचा पुरावा रस्त्यावरचा आहे, लॅटिनमधला नाही.

मात्र या युक्तिवादाची खरी कसोटी दुसऱ्या एका स्पॅनिश शब्दावर लागते, आणि मला आश्चर्य वाटते ते याचे की त्राबाखोचे कूळ मोठ्या आवाजात सांगणारे त्या शब्दाचे नावही काढत नाहीत. संपाला स्पॅनिशमध्ये ‘वेल्गा’ म्हणतात. हा शब्द ‘ओल्गार’ या क्रियापदापासून निघाला. त्याचा अर्थ विसावणे, रिकामे असणे. ओल्गारच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधले ‘फोलिकारे’ आहे, म्हणजे भात्यासारखा श्वास टाकणे, धापा टाकणे. आणि त्याच्या मागे ‘फोलिस’, म्हणजे लोहाराचा भाता, हवेने फुगणारी कातड्याची पिशवी. लॅटिन शब्दांच्या आरंभीचा फकार कास्तीलच्या बोलीत, म्हणजे जिच्यातून आजची स्पॅनिश घडली तिच्यात, हळूहळू विरत गेला. लिहिण्यात त्याच्या जागी एक मुका हकार उरला आणि बोलण्यात तोही उरला नाही. स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसियात मात्र हा हकार बराच काळ घशातून उच्चारला जात राहिला आणि तिथे त्याच शब्दाचे ‘ख्वेर्गा’ झाले, ज्याचा अर्थ रात्रभर चालणारी मौजमजा. चढण चढून आलेला माणूस धाप टाकत खाली बसतो, तो विसावा म्हणजे वेल्गा. एकोणिसाव्या शतकात कामगारांनी हत्यारे खाली ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्या कृतीला हाच जुना शब्द मिळाला.

आता या भात्याची इंग्रजी भावंडे पाहू. केसाच्या मुळाशी असलेली सूक्ष्म पिशवी, फॉलिकल, ही एक. दुसरे भावंड म्हणजे फूल, अर्थात मूर्ख. ज्याच्या डोक्यात भात्यासारखी नुसती हवा आहे तो. तेव्हा त्रिपालियुमचा न्याय लावायचा असेल तर सर्वांना सारखाच लावावा लागेल. काम म्हणजे मुळात छळ, हे शब्दाच्या कुळावरून सिद्ध होत असेल, तर संप म्हणजे मुळात मूर्खपणा, हेही त्याच कुळावरून सिद्ध होते, आणि एखाद्या कारखानदाराच्या वकिलाने उद्या तसे म्हटले तर त्याला अडवण्याचा अधिकार आपण आधीच गमावलेला असेल. शब्दाची मुळे कुणाच्याही बाजूची नसतात. ज्याला जे हवे ते मूळ तो उपटून आणतो आणि बाकीची जमिनीत राहू देतो.

वेल्गाला प्रत्यक्षात जो अर्थ आला तो भात्यातून आला नाही. १९१९च्या फेब्रुवारीत बार्सेलोना शहराला वीज पुरवणाऱ्या, ‘ला कानादिएन्से’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीत मोजक्या कर्मचाऱ्यांना काढून टाकल्यावरून काम थांबले. ते ४४ दिवस थांबले; शहर अंधारात गेले, ट्रामगाड्या उभ्या राहिल्या, आणि ३ एप्रिल रोजी सरकारने आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा हुकूम काढला. त्या दिवसापासून स्पेनमध्ये वेल्गा म्हटले की काय आठवायचे ते ठरले, आणि त्यात लोहाराच्या भात्याला जागा नव्हती. हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रँकोची राजवट आली तेव्हा तिने संपाला गुन्हा ठरवले. बुर्गोसजवळ ‘लास वेल्गास’ नावाचा जोगिणींचा मठ आहे. राजा आठवा आल्फोन्सो याने तो ११८७ साली स्थापला आणि विसाव्याच्या जागेचे जुने नाव त्याला चिकटून राहिले. आजच्या कानाला ते नाव ‘संपांचा मठ’ असेच ऐकू येते. फ्रँकोच्या एकमेव पक्षाच्या राष्ट्रीय मंडळाचा शपथविधी डिसेंबर १९३७ मध्ये याच मठात झाला. संप मोडून काढणाऱ्यांनी संपांच्या मठात शपथ घेतली, यातली विसंगती आपल्याला दिसते. त्यांना ती बोचली असेल असे वाटत नाही, कारण सत्ताधाऱ्यांना भीती असते ती शब्दाच्या आजच्या अर्थाची.

त्याच राजवटीने ‘ओब्रेरो’, म्हणजे कामगार, हा शब्द टाळून १९३८च्या आपल्या श्रमसनदेपासून पुढे ‘प्रोदुक्तोर’, उत्पादक, हा शब्द रुजवायचा प्रयत्न केला. ओब्रेरोचे कूळ पाहिले तर त्यात छळ नाही, दास्य नाही, भीती वाटावी असे काहीही नाही. तो ‘ओपुस’ आणि ‘ओपेरा’ या लॅटिन शब्दांच्या घरातला. इंग्रजीतले ऑपेरा आणि ऑपरेशन त्याचे भाऊबंद आणि ऋग्वेदात कर्म या अर्थाने येणारा ‘अपस्’ हा दूरचा चुलता. इतका खानदानी शब्द राज्यकर्त्यांना नकोसा झाला, कारण आधीच्या काही दशकांत तो मोर्च्यांच्या फलकांवर लिहिला गेला होता. आणि ज्याच्या कुळात सांगाडा आहे असे म्हणतात तो ‘त्राबाखादोर’? १९३१ साली दुसऱ्या प्रजासत्ताकाची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा तिच्या पहिल्याच कलमात स्पेन हे ‘सर्व प्रकारच्या त्राबाखादोरांचे’ लोकशाही प्रजासत्ताक आहे, असे घोषित झाले. समाजवाद्यांना नुसते ‘त्राबाखादोरांचे’ हवे होते. ‘सर्व प्रकारच्या’ हे शब्द इतरांना धीर देण्यासाठी घातले गेले. तो वाद अगदी योग्य जागी झाला, असे मला वाटते: वकील, दुकानदार, धर्मगुरू हे काम करणारे मानायचे की नाहीत, हा खरा राजकीय प्रश्न होता, आणि सहाव्या शतकातल्या धर्मसभेकडे त्याचे उत्तर नव्हते. १९७८च्या सध्याच्या घटनेने काम हा हक्कही मानला आणि कर्तव्यही, आणि संपाचा हक्क वेगळा नोंदवला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. भाषेला स्मृती असते, असे म्हणणारे म्हणतात. त्राबाखोतली वेदना पूर्ण पुसली गेलेली नाही. हे खरे आहे. एखादी गोष्ट जड जाते तेव्हा स्पॅनिश माणूस आजही ‘मला त्राबाखो पडतो’ अशा धाटणीचे वाक्य बोलतो, आणि विपत्ती सोसणे यासाठी ‘त्राबाखोस’ हे अनेकवचन अजून चालते. परंतु ही साक्ष त्रिपालियुमची नाही, आजच्या बोलण्याची आहे. लॅटिनचा गंधही नसलेल्या शेतमजुराला हे वाक्प्रयोग कळतात, कारण त्याने ते आईच्या तोंडून ऐकले. आणि त्याच्या तोंडून ते गेले तर कोणताही कोश ते परत आणू शकणार नाही. शब्दात काय उरले आहे हे बोलणाऱ्याला विचारावे. खोदकाम करणारा त्यात पूर्वी काय होते एवढेच सांगू शकतो.

मराठीत याचे एक उदाहरण आहे आणि ते मला कधीकधी अस्वस्थ करते. ‘वेठ’ हा शब्द संस्कृतातल्या ‘विष्टि’पासून आला, विष्टि म्हणजे राजासाठी सक्तीने, बिनमोबदला करायचे काम, ज्याचा उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. वेठीस धरणे म्हणजे गावातल्या माणसाला पकडून असे काम करायला लावणे. इथे व्युत्पत्तीला तारांकनाची गरज नाही, छळाचा पुरावा ढीगभर आहे. आणि आज हा वाक्प्रयोग आपण कुठे वाचतो? एसटीचा, डॉक्टरांचा, शिक्षकांचा संप झाला की बातमी येते: प्रवाशांना वेठीस धरले, रुग्णांना वेठीस धरले. ज्यांच्या पूर्वजांना फुकट राबवले गेले त्या कष्टकऱ्यांचा शब्द कष्टकऱ्यांवरच उलटला. मला हे खटकते, पण ‘वेठ’चे मूळ दाखवून त्या बातमीदाराचे तोंड बंद करता येणार नाही. त्याला उत्तर द्यायचे तर त्या संपातल्या मागण्या, पगाराचे आकडे आणि थकलेले महिने काढावे लागतील. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा आणि मराठीत तोच शब्द म्हणजे काम बंद. या सुंदर शेजारामुळे एखादा संप न्याय्य ठरत नाही, तसेच हे.

पगाराचे नाव निघालेच आहे. सॅलरी आणि तिचा स्पॅनिश भाऊ ‘सालारियो’ यांच्याबद्दल रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे अशी गोष्ट सांगतात. त्या शब्दाचे मिठाशी नाते आहे, पण सैनिकाच्या ओंजळीत मीठ टाकले जाई, असा प्राचीन पुरावा नाही. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या लोकांना ती गोष्ट जरा जास्तच आवडते. आपल्या ‘पगार’ची हकिकत अधिक भरवशाची आहे. तो पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमध्येही पैसे चुकते करणे म्हणजे ‘पागार’च. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, शांत करणे, आणि त्याच्या पोटात ‘पाक्स’, शांती. देणेकऱ्याने पैसे टाकले की घेणेकरी शांत होतो, त्यातून अर्थ सरकत गेला. इंग्रजीतले पे आणि पीस हे दोन्ही याच घरातले, आणि पॅसिफिक महासागरही.

आता गंमत अशी की हा पाक्स आणि आपल्या सांगाड्यातला पालुस, हे दोन्ही शब्द रोवणे, घट्ट बसवणे अशा अर्थाच्या एकाच अतिप्राचीन धातूपासून आले असे अनेक कोश मानतात: एकीकडे जमिनीत पक्का बसवलेला खांब, दुसरीकडे दोन पक्षांत पक्का बसवलेला करार. म्हणजे त्राबाखो आणि पगार, काम आणि त्याचा मोबदला, एकाच खुंट्याला बांधलेले निघतात. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मीही हरखून गेलो होतो आणि एक संपूर्ण भाषण मनात रचून मोकळा झालो होतो. मग पुन्हा कोश उघडून पाहिला. त्या धातूच्या डोक्यावरही तारांकन होतेच.